करंजाची पेंड

नागावहून आम्ही निघालो त्या सकाळी आपल्या तात्यांनी बैलांचं जू तीन वेळा सोडून पुन्हा बांधलं. जुवाला काही झालेलं नव्हतं. गाडीत एक पेटी होती, पाटा-वरवंटा होता, गोणपाटात गुंडाळलेली यांची कोयती आणि कुदळ होती. आईने सुकटीची पुरचुंडी पेंढ्याखाली दडवली, कारण बंगल्यावर मासळी चालेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तू तेव्हा लहान होतीस, ठकू. गाडीत चढून बसलीस आणि उतरेनास.

वाडीच्या फाटकावर, बेड्याशी, तात्या यांना म्हणाले, "गवत राखायला कुणी गाव सोडतं का रं?"

"गवत नाय तात्या. त्याला लॉन म्हणतात."

"लॉन म्हंजी काय?"

"गवतच," असं म्हणून हे हसले, आणि तात्याही हसले. आई मात्र हसली नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नव्या जागी गेलीस की आधी पाणी चाखून बघ. पाणी गोडं असलं की माणूस टिकतं."

कर्जतचं पाणी गोडं निघालं. तरी पहिली दोन वर्षं माझा जीव काही टिकत नव्हता.

मागच्या आठवड्यात मी माहेराहून चार दिवसांतच परत निघाले, तेव्हा तू रागाने विचारलंस, "ताई, तुजं घर तरी कुठलं गं आता?" चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तू जाणतेस. चौथी शिकले त्याचा उपयोग एवढाच की जे बोलता येत नाही ते लिहिता येतं. म्हणून ही वही काढली आहे. तुला दाखवायचं धाडस होईल की नाही, ते बघू.

आम्ही का निघालो हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. माझ्या सासरच्या वाडीत चार भाऊ, हे सगळ्यांत धाकटे. माडाला पाणी कधी घालायचं ते थोरले सांगायचे, सुपारी कधी उतरवायची ते मधले सांगायचे. यांच्या वाटणीला फक्त ऐकून घेणं. मुंबईच्या एका पारशी बाईंनी कर्जतजवळ भिसेगावाच्या पलीकडे टेकाडावर बंगला बांधला. त्यांना माळी हवा होता. निरोप फिरत फिरत नागावला पोचला. माडाचं काम येतं म्हणजे गवताचंही येईल असं बाईंना वाटलं, आणि यांनी होकार दिला.

पण गवताचं काम आम्हाला कुठलं येणार? ती लॉन म्हणजे हरळीच. वाडीत जी हरळी दिसली की तात्या अंगठ्याने उपटून टाकत, तीच इथे मखमलीसारखी राखायची. तिच्यावर लोखंडी रोलर फिरवायचा, मशीनने ती कापायची, झारीने तिला पाणी पाजायचं. पहिल्या वर्षी मला रोज वाटायचं, आपण काहीतरी उलटं करतो आहोत.

हे मात्र बदलले. बंगल्याच्या किल्ल्या यांच्या कमरेला आल्या. मशीनचं पातं स्वतः खोलून घासायचे, पुन्हा बसवायचे. कुणाला विचारायचं नव्हतं. सकाळी लॉनच्या कडेने चालत जाताना यांची पाठ मी कधी नव्हती एवढी ताठ बघितली. आणि मी? दिवसातून दहा वेळा कुंपणाशी जाऊन यायची. समुद्राची गाज नाही म्हणून कानाला कसंतरी व्हायचं. त्या जागी घाट चढणाऱ्या आगगाड्या. एका गाडीला पुढून एक इंजिन ओढतं आणि मागून दुसरं ढकलतं. मला वाटायचं, माझं मात्र अर्ध्यावरच चाललं आहे. पुढून हे ओढतात, मागून माझं मन काही ढकलत नाही.

पावसाळा संपला की लॉन पिवळी पडायची. चार महिने पाणी वाहून मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतं. म्हणून आश्विनात तिला खायला घालावं लागतं, तर ती थंडीभर हिरवी राहते. पहिल्या वर्षी बाईंनी मुंबईहून एक गोण पाठवली होती. आत पांढरं मिठासारखं खत. गोणीवर इंग्रजी लिहिलेलं, म्हणून माझी चौथी काही कामाला आली नाही. ते मुठीने विस्कटलं आणि वरून पाणी दिलं, तर आठ-दहा दिवसांत लॉन अशी हिरवी झाली की नजर ठरेना.

दुसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, "माली, ते विलायती मीठ आता फार महाग झालं. यंदा देशी काही बघ. पण शेण नाही घालायचं, त्यातून तण येते. आणि नाताळला माझे पाहुणे येणार, तेव्हा लॉन मला हिरवीगार पाहिजे."

यांनी बाजारात चौकशी केली. तिळाची पेंड होती, पण ती गुरांच्या खाण्याची, तिचा भाव मिठाच्या वरताण. शेंगदाण्याचीही तीच गत. सोमी नावाची ठाकरीण आमच्याकडे लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची. तिला मी विचारलं, तर ती पोट धरून हसली.

"गवताला खायला घालता बाय? आमच्याकडं गवतच खायला घालतात. तुमी शेरातल्या लोकांनी सगळं उलटं केलं!"

मी शहरातली नाही हे तिला सांगायचंही मला जमलं नाही.

मग मलाच कल्पना सुचली. आमच्या वाडीत पाऊस संपला की तात्या माडांच्या आळ्यांत कुटा घालतात, तुला माहीत आहे. बाजारात न खपलेल्या जवळ्या-मांदेलीचा वाळवलेला चुरा. त्यावर माड कसे तरारतात! माडाला चालतो तो हरळीला का नाही चालणार? मी यांना म्हटलं. यांनाही पटलं. तात्यांना पत्र मीच लिहिलं. खरं सांगते, ठकू, ते पत्र लिहिताना माझ्या मनात लॉन नव्हती. तात्या येतील, गाडी येईल, गोणी सोडल्यावर आपल्या किनाऱ्याचा वास येईल, एवढंच होतं.

तात्या स्वतः आले. धरमतरची खाडी तरीतून ओलांडून, पेणवरून, दोन मुक्काम करून. कुट्याच्या दोन मोठ्या गोणी आणि थोडे नारळ. गोण सोडली तेव्हा मी पदर तोंडाला लावला. बंगल्यावरच्या स्वयंपाक्याला वाटलं, मला वास सोसवत नाही. मी रडत होते.

यांनी आणि तात्यांनी मिळून कुटा बारीक केला, सगळ्या लॉनवर पसरला आणि वरून पाणी मारलं. तात्या मधेच खाली वाकायचे आणि सवयीने हरळीची एखादी काडी उपटायचे. "अवो तात्या, हीच तर राखायची हाय," असं म्हणून हे त्यांचा हात धरायचे.

त्या दिवशी कावळे एवढे जमले की लॉन काळी दिसायला लागली. आम्ही त्यांना हाकललं. संध्याकाळी भिसेगावातले कुत्रे आले, त्यांनाही हाकललं. आपल्याकडे कुत्र्या-कावळ्यांना मासळीचं काय कौतुक! ते हुंगतात आणि पुढे जातात. म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. इथे टेकडीमागे रान आहे आणि त्या रानातल्या जनावरांना सुकी मासळी जन्मात ठाऊक नाही, हे आमच्या दोघांच्या, तात्यांच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. किनाऱ्याच्या माणसांनीच करावी अशी ती चूक.

सकाळी उठून बघतो तर लॉन नांगरलेली. रानडुकरांचा कळप येऊन गेला होता. मुस्कटाने हरळीची गादी अशी उलथून टाकली होती की जागोजाग मुळं वर आणि पानं खाली.

बाई त्याच दिवशी मुंबईहून येणार होत्या. त्या आल्या, लॉनच्या कडेला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माली, इथे तू भात लावणार काय?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. ती कल्पना माझी होती. पुढे होऊन सांगायला हवं होतं. पाय उचलला नाही.

हे म्हणाले, "चूक माझी, बाईसाहेब. मला सुचलं ते मी केलं."

"ठीक. नाताळपर्यंत हिरवी झाली तर झाली. नाहीतर मी दुसरा माली बघते. मी रागावून नाही बोलत, साफ सांगते."

बाई खरंच रागावल्या नव्हत्या. त्यामुळेच भीती वाटली.

तात्यांच्या एका बैलाचा खूर दुखावला होता, म्हणून ते अजून दोन दिवस राहिले. जेवताना त्यांनी विषय काढला. आपला भाऊ तेव्हा नुकताच आगबोटीवर लागला होता. "वाडीत मानूस नाय," तात्या म्हणाले. "दोघं चला घरी. जावई काय, पोरगाच माझा. रानातल्या डुकरांची चाकरी करन्यापरीस आपल्या माडांची करा."

तात्यांनी ते मायेने म्हटलं. पण घरजावई हा शब्द न उच्चारताही पानावर येऊन बसला. यांनी भाताचा घास तसाच हातात धरला. मग खाली बघत मला म्हणाले, "तू तात्यांसंगं पुढं हो. मी बाईंना किल्ल्या देऊन मागनं येतो."

ठकू, दोन वर्षं ज्यासाठी मी कुंपणाशी येरझारा घातल्या ते असं आपोआप हातात आलं. मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

त्याच दुपारी सोमी मोळी घेऊन आली. लॉन बघून आधी हसली. "डुकरांना मासळीचं आवतन दिलंत व्हय!" मग माझा चेहरा बघून जवळ बसली. "करंजाची पेंड टाकायची व्हती गं बाय. कडू जहर असते. डुक्कर तोंड लावनार नाय, ढोरं लावनार नाय. आमीच बिया वेचून देतो तेल्याला. खालापूरला त्याच्या घान्यामागं ढीग पडलाय. ऊसवाले नेत्यात, पन यंदा कोनीच आलं नाय."

"गवताला चालेल?" मी विचारलं.

"उसाला चालते, मंग गवताला का नाय? ऊस काय गवताचा चुलता नाय?"

मी हे यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं, पेटी भरली, उरलेले नारळ परत गाडीत ठेवले, आणि ती गोष्ट तोंडात धरून ठेवली. सांगितली असती तर हे थांबले असते. हे थांबले तर मलाही थांबावं लागलं असतं. एवढा साधा हिशेब होता.

निघायच्या सकाळी हे फाटकाशी आले नाहीत. लॉनवर गुडघे टेकून उलथलेली हरळी एकेक तुकडा करून परत बसवत होते. माती दाबायची, ओंजळीने पाणी घालायचं, पुढच्या खड्ड्याकडे सरकायचं. किल्ल्या द्यायच्या आहेत तर हे कशासाठी, असं मी मनात म्हटलं आणि गाडीत बसले.

तात्या खुशीत होते. वाटभर बोलत होते. खालची वाडी जावयाकडे द्यायची. पाणी कधी सोडायचं ते सांगीन. आळी कशी करायची ते दाखवीन. "माज्या हाताखाली राहील. मी सांगन तसं करील. शिकल हळूहळू."

त्यांच्या आवाजात नुसती माया होती. पण "मी सांगन तसं" हे मी सासरी थोरल्या दिरांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं! आणि गुडघ्यांवर बसलेले हे डोळ्यांपुढून हलेनात. ज्या माणसाने माझी चूक स्वतःवर घेतली त्याला मी न बोलता परत कुणाच्यातरी हाताखाली नेऊन उभं करत होते. मी गाडीत या बाजूची त्या बाजूला झाले, पुन्हा या बाजूला आले. तात्यांनी विचारलं, "काय टोचतंय का गं?" मी नाही म्हटलं.

दुपारी खालापूर आलं. विहिरीवर बैलांना पाणी पाजलं. वाऱ्यावर करंजाच्या तेलाचा उग्र वास आला. रस्त्याच्या कडेला तेल्याचा घाणा, आणि मागे कुंपणाला टेकून काळपट पेंडीचा ढीग. सोमीने सांगितलं होतं तसाच. तात्यांनी गाडी जुंपली. गाडी ढिगाच्या पुढे गेली.

"तात्या, गाडी थांबवा."

गाडी थांबली. मी उतरले. परक्या पुरुषाशी आपण होऊन बोलायची ती माझी पहिली वेळ. म्हातारा तेली बैलाच्या डोळ्यांवरची झापड सारखी करत होता. मी तिथे किती वेळ नुसती उभी होते कोण जाणे. शेवटी तोच म्हणाला, "काय बाय, तेल पायजे?"

"पेंड."

"करंजाची हाय ती. गायीला नको घालू, मरंल."

"गायीला नको. गवताला."

तेली माझ्याकडे बघत राहिला. मग तात्यांना ओरडून म्हणाला, "अवो पावनं, पोरीला ऊन लागलंय काय?"

तात्यांनी कासरा आवरून धरला.

"बंगल्यावरची हिरवळ आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "डुकरांनी उकरली. कडू असलं की ती येणार नाहीत. गवतही वाढेल. किती द्याल?"

"किती पायजे?"

"गाडीत मावेल तेवढी."

"ने बाये, ने! जागा तरी मोकळी व्हईल." मग गाडीतल्या नारळांकडे बघून म्हणाला, "त्यातले चार दे. सुनंला डोहाळे लागलेत, नारळाचं नाव काढते सारखी." मी नारळ काढायला वळले तेव्हा मागून म्हणाला, "आनि सुकी टाकू नको. कुटायची, पान्यात आठ दिस कुजवायची, मंग पातळ करून घालायची. नायतर जाळंल समदं."

तात्या गाडीवरून उतरले. त्यांनी माझी पेटी काढून रस्त्याच्या कडेला ठेवली, म्हणजे मागे पेंडीला जागा झाली. एकेक ढेप उचलून स्वतः रचली. मला हात लावू दिला नाही. सगळं भरून झाल्यावर पेटी वर ठेवली, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "म्हंजी तू येत नाहीस."

मी मान हलवली.

"बरं." एवढंच. मग बैलांना म्हणाले, "फिरा रं बाबांनो," आणि गाडी कर्जतच्या दिशेने वळवली. वाटेत ते फक्त बैलांशी बोलले. त्या चार-पाच कोसांएवढी लांब वाट मी आयुष्यात पाहिली नाही.

हे अजून लॉनवरच होते. गाडी बघून उभे राहिले, गुडघ्यांना चिखल तसाच. ढेप हातात घेऊन वास घेतला, जिभेला लावून थुंकले, आणि हसले. मला काही विचारलं नाही. मीच सांगितलं, की हे मला दोन दिवसांपासून माहीत होतं. हे म्हणाले, "पिंपं धुवायला घे."

तात्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीने परत गेले. तू मला कधीतरी म्हणाली होतीस की त्या वर्षी आई महिनाभर पत्राचं नाव काढू देत नव्हती. ते का, हे आता तुला कळलं असेल.

पेंड आठ दिवस भिजवली. वास कुट्यापेक्षा काही कमी नव्हता, पण डुकरं फिरकली नाहीत. झारीने रोज संध्याकाळी थोडी थोडी घातली. आधी काहीच दिसेना. मी पहाटे उठून बघायची, दुपारी बघायची. ज्या कुंपणाशी मी नागावच्या ओढीने जायची, तिथेच आता हरळीला कोंब फुटला का बघायला जायची. येरझारा त्याच होत्या. पंधरा दिवसांनी खड्ड्यांच्या कडांना गर्द हिरवा रंग आला आणि मग तो आत सरकत गेला.

नाताळला बाईंचे पाहुणे आले. खुर्च्या टेबलं मांडली, बूट घालून सगळे वर फिरले. बाईंनी यांना बोलावलं. "माली, कुठलं खत घातलं?"

"बायकोनं आणलं, बाईसाहेब."

"कुठून आणलं?"

दाराआडून मी म्हटलं, "खालापूरहून." बाईंशी बोललेला माझा तो पहिला शब्द. बाई वळून दाराकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "दरसाल आण." दुसऱ्या माळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी हे आनंदात होते आणि मी मागच्या पायरीवर बसून नागावसाठी रडले. तुला वाटेल, आपणच ठरवलं तर मग रडायचं कशाला? आपण ठरवलं म्हणूनच. दुसऱ्या कुणी ठरवलं असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. यंदा दसऱ्यानंतर मी माहेरी आले ती चांगली महिनाभर राहायची म्हणून. आईने अंगणात अंथरूण घातलं, तुझी मुलं अंगावर लोळली, तात्या आता थकले तरी माडांच्या आळ्यांत कुटा घालत होते. दोन दिवस मी पोटभर समुद्र ऐकला. तिसऱ्या दिवशी जाग आली तीच या विचाराने, की पाऊस संपला, लॉन पिवळी पडली असेल, पेंड अजून कुणी भिजत घातली नसेल. हे घालतील, पण आठ दिवसांऐवजी पाचव्या दिवशीच ओततील. यांना धीर नाही. चौथ्या दिवशी मी पेटी भरली. बेड्याशी तू मला ते विचारलंस, आणि मी काही न बोलता गाडीत बसले. तुला वाटलं असेल, ताईला आपलं काही वाटत नाही.

काल पेंड भिजत घातली. हाताचा कडवटपणा भाकरीला लागतो. घाटात आगगाडी चढते आहे, आणि मी लिहिता लिहिता थांबून विचार करते, की तात्यांनी आज खालच्या वाडीत कुटा घातला असेल का, तू त्यांना एकट्याला वाकू दिलं नसशील ना. तिथे असले की इथलं काम राहिलेलं दिसतं, इथे आले की तिथलं. दोन्हीकडे मी अर्धं जेवते.

तरी तू विचारलंस म्हणून सांगते. नागावचं घर मला जन्मासोबत मिळालं. त्यासाठी मी काहीच केलं नाही. आईने उचलून पाळण्यात ठेवलं आणि ते माझं झालं. कर्जतचं घर मी स्वतः मागून घेतलं, तेही माझ्या सगळ्यांत जवळच्या माणसाचं, तात्यांचं, तोंड पाडून. मिळालेल्या घरावर माझा जीव जास्त आहे, ठकू, आणि तो कायम राहील. पण घेतलेलं घर टाकून चार दिवसांच्या वर राहवत नाही, एवढंच.